दोर धरणारी साळू

घाटाला तेव्हा रस्ता नव्हता. कोकणातलं मीठ माणसांच्या डोक्यावरून वर यायचं, आणि वरचा हिरडा, मेण नि मध तसाच डोक्यावरून खाली उतरायचा. त्या फार वर्षांपूर्वीच्या काळात उंबरदऱ्यात साळू नावाची एक बाई होऊन गेली. तिला पाहिलेलं माणूस आज कुणी नाही. तिला पाहिलेल्या माणसाला पाहिलेलंही कुणी नाही. पण उंबरदऱ्यात जाऊन साळूचं नाव काढलंत, तर लोक आवाज खाली आणून बोलतात.

गाव कसं आहे ते आधी सांगतो. डोंगराच्या अर्ध्यावर एक उतरती पट्टी आहे, तिच्यावर चाळीसेक घरं. घरांच्या वर कारवीचं रान, त्याच्याही वर उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ. आणि पश्चिमेला, गुरं चरता चरता जिथं थबकतात, तिथं जमीन एकदम संपते. तो माशीकडा. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. तशा चाळीस पुरुष खोल तो कडा आहे. निम्म्यावर त्याला एक खोल कपार आहे. तिला कड्याचं पोट म्हणतात.

कारवी सहा वर्षं नुसती हिरवी असते. सातव्या वर्षी फुलते, सगळा उतार जांभळा करून टाकते आणि जागच्या जागी वाळून मरते. त्या वर्षी आग्या माशा येतात. कुठून येतात ते कुणाला ठाऊक नाही. कड्याला सुपाएवढाली पोळी लटकतात आणि गावात बसल्या जागी त्यांची घूं घूं ऐकू येते. तो मध खाली बाजारात नेऊन गाव धान्य नि मीठ आणायचं. कड्याच्या वरच्या अंगाची पोळी माणसाची, पोटातलं पोळं कड्याचं, असा नेम होता. पोटातल्या पोळ्याला कुणी कोयता लावलेला नव्हता.

दुसरा नेम दोराचा. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरे. काठावर अंजनाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला दोराचा एक वेढा द्यायचा आणि दोर धरायचा बहिणीनं. बायकोनं नाही, मित्रानं नाही. दोर धरता धरता बायकोला लेकराची आठवण येते, मित्राला घराची येते. बहिणीला दुसरं काही आठवत नाही, असं म्हणतात. खालून एक हिसका आला की दोर सैल द्यायचा. दोन आले की ओढून घ्यायचा. आणि तीन आले तर सोडून द्यायचा. आता मी वाचत नाही, तू माझ्यामागं येऊ नको, असा त्या तिसऱ्या हिसक्याचा अर्थ. तीन हिसके कधी कुणी दिल्याचं म्हाताऱ्यांच्याही ऐकिवात नव्हतं.

साळू त्या गावची दोर वळणारी. रानभेंडीची साल भिजवून, ठेचून, मांडीवर वळून ती दोर करायची. लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली होती. नवरा तापानं गेला, तेव्हा परत आली आणि भावाच्या घराशेजारी झोपडी बांधून राहिली. बोलायची कमी. तिच्या हातचा दोर तुटला असं कधी झालं नाही. तिचा भाऊ चिंधू तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याच्या आधीची तीन भावंडं जन्मताच गेली, म्हणून मरणानं याच्याकडे ढुंकून बघू नये यासाठी आईनं त्याचं नाव चिंधी ठेवलं, त्याचा झाला चिंधू. आई गेल्यावर साळूनंच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो कड्यावरून उतरू लागला आणि साळू दोर धरू लागली.

ज्या वर्षाची ही गोष्ट, ते कारवी फुलण्याचं वर्ष होतं. त्याआधीची दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. नाचणी हाताला लागली नव्हती, वरईचं नुसतं भूस झालं होतं. लोक कंद उकडून खात होते. मध मिळाला तरच धान्य मिळणार होतं. कारवी फुलली, पण डोंगरात काही तरी बिनसलं होतं. गावच्या झऱ्याला लाल पाणी यायला लागलं. झऱ्यातले खेकडे निघाले आणि भर दुपारी, ओळीनं, सड्याकडे चढून गेले. शेकरूंनी घरटी टाकली. कारवीच्या रानात, गावाच्या बरोबर वर, जमिनीला एक भेग पडली. पहिल्यांदा तिच्यात बोट जायचं, पंधरा दिवसांनी हात जायला लागला. तिच्या काठावर बसलं की आत माती झिरपत असल्याचा आवाज येई. खालून कुणी तरी धान्य पाखडतंय तसा.

आणि माशा आल्या, त्या सगळ्या पोटातच बसल्या. वरच्या कड्याला एकही पोळं धरलं नाही.

गावचा नाईक होता गोमा. माणूस वाईट नव्हता. घरोघरची रिकामी मडकी त्यानं पाहिली होती. त्यानं गाव गोळा केला आणि यंदा पोटातलं पोळं काढायचं असं ठरवलं. साळू मागं बसली होती. तिनं एकदाच नको म्हटलं. गोमानं विचारलं, मग लेकरांना काय घालायचं? चिंधूची बायको हौशी ओटीत सहा महिन्यांचं पोर घेऊन बसली होती आणि पोराला रडायचं बळ उरलं नव्हतं. चिंधूनं त्याच्याकडे पाहिलं आणि आपण उतरतो म्हणाला.

आश्विनातल्या एका सकाळी तो उतरला. साळूनं साठ पुरुष लांब दोर वळला होता. कडा चाळीस पुरुष, तेव्हा दोर कमी पडायचं कारण नव्हतं. एरवी माणूस दहा पुरुष खाली गेलं की माशा उठायच्या आणि त्यांचा आवाज काठावरच्या लोकांच्या दातांत वाजायचा. त्या दिवशी एकही माशी उठली नाही. चिंधूनं सोबत नेलेल्या ओल्या पाल्याचा धूर सरळ वर आला आणि काठाशी येऊन थांबला. मग खालून धुकं चढलं. चिंधू दिसेनासा झाला.

एक हिसका आला. साळूनं दोर दिला. पुन्हा एक आला, पुन्हा दिला. वीस पुरुष दोर गेला, म्हणजे तो पोटाशी पोचला. तीस गेला. चाळीस गेला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. गोमानं कड्यावर ओणवं होऊन चिंधूच्या नावानं हाक मारली. त्या कड्यावर शीळ घातली तरी तीनदा परत येते. पण त्या हाकेचा प्रतिध्वनी आला नाही. हाक धुक्यात गेली आणि कुणी तरी ठेवून घेतल्यासारखी आतच राहिली.

साठ पुरुष दोर संपला, आणि खालून एक हिसका आला.

गोमानं दोन गड्यांना वळसा घालून कड्याच्या पायथ्याशी पाठवलं. ते संध्याकाळी परत आले. खाली धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. पायथ्याला माणूस नव्हतं, आणि दोराचं टोकही लोंबत नव्हतं. दोर कड्याच्या पोटात शिरला होता आणि आतच गेला होता. हे सांगताना त्यातला एक जण बसून राहिला. पुढं कितीतरी दिवस तो कड्याकडे पाठ करूनच बसायचा.

साळूनं दोर मागितला. लोकांनी विहिरीचे पोहरे सोडून त्यांचे दोर आणले. ते गेले. गुरांची दावी आणली. ती गेली. बाजांची सुंभं उसवून आणली. एका दोराला दुसरा बांधायचा, गाठ साळूनं नजरेनंच तपासायची, आणि दोर धुक्यात सोडायचा. दोन दिवस हे चाललं. साळू जागची हलली नाही. हौशी तिला हातानं पेज पाजायची. तिसऱ्या दिवशी हौशीनं घरी जाऊन पोराला जमिनीवर निजवलं आणि पाळण्याचा दोर सोडून आणला. तो सगळ्यात शेवटी बांधला. त्यापुढं गावात हातभर दोरही उरला नव्हता. दोर ऊबदार झाला होता, अंगातल्या तापासारखा. त्याला कान लावला की आत माशांची घूं घूं ऐकू यायची.

एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही, मागून आली. साळूच्या हातात दोर होता ते तीन दिवस भेगेतली माती झिरपत नव्हती.

तिसऱ्या दिवशी, सूर्य डोक्यावर असताना, दोराला तीन हिसके बसले. एक, दोन, तीन. काठावरच्या सगळ्यांनी पाहिले. मग दोराला ओढ लागली. अंजनाच्या झाडाची मुळं जमिनीतून वर येताना दिसू लागली आणि साळू बोट बोट करत काठाकडे सरकू लागली.

गोमा म्हणाला, "पोरी, सोड. तीन दिलेत त्यानं."

साळू म्हणाली, "हिसके त्याचेच हायेत, नाईक. म्हंजे तो जिता हाय. मेलेलं माणूस सोड म्हनत नाय."

गोमानं कोयता काढला. दोर तोडला नाही तर ही पण जाईल, हे त्याला दिसत होतं. त्यानं कोयता उगारला. साळूनं त्याला अडवलं नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "तोडन्यापेक्षा धरता का?"

पोळं काढायला त्यानंच सांगितलं होतं. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण त्याला ऐकू आलं, असं म्हणतात. त्यानं कोयता टाकला आणि दोर हातात घेतला. गडी धावले, तर त्यानं मानेनंच त्यांना मागं राहायला सांगितलं. साळूनं तीन दिवसांनी मुठी उघडल्या. तळहाताची कातडी दोराबरोबरच निघून आली. मग ती काठावर बसली, दोराला पायांची मिठी घातली, आणि धुक्यात उतरली.

उतरता उतरता ती गाठी मोजत होती. मोजत होती म्हणजे घरांची नावं घेत होती. दोर ज्या घरचा, त्या घराचं नाव. "हौशीचा पाळणा," असं वर ऐकू आलं. मग "धर्माची बाज". मग "कोंडाजीचं दावं". आवाज खाली खाली जात राहिला. चाळीस पुरुष खाली गेल्यावर माणसाचा आवाज ऐकू येत नाही, पण तिचा येत होता. आणि पुढं तर तो पायाखालून, जमिनीतून यायला लागला. लोक आपापली नावं ऐकत उभे राहिले. बायांनी पोरं उचलून घेतली. शेवटी, अगदी लांबून, ती म्हणाली, "हा मपला." तिनं स्वतः वळलेला पहिला दोर आला होता. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

गोमा एकटा दोर धरून उभा होता. त्याच्या हातातून रक्त ठिबकत होतं. ऊन कलायला लागलं, तेव्हा ओढ एकाएकी सुटली. अंजनाची मुळं खाली बसली. आणि दोन हिसके आले.

सगळं गाव दोराला लागलं. दुपार ढळताना ओढायला घेतलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओढत होते. एकेका घराचा दोर परत आला, गाठीसकट. सगळ्यात शेवटी साळूचा दोर आला आणि त्याच्या टोकाला चिंधू आला. अंगावर एक डंख नव्हता. डोक्याचे केस पांढरेफेक झाले होते आणि त्यांना मधाचा वास येत होता. तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. काठावर एवढी माणसं का, असं त्यानं विचारलं. त्याच्या लेखी तो घटकाभर आत गेला होता.

साळू कुठं आहे, असं हौशीनं विचारलं. तेव्हा तो बसला आणि त्यानं सांगितलं.

पोटात शिरल्यावर पुढं वाट होती, म्हणाला. दोन्ही अंगांना पोळीच पोळी, आणि माशा पंख मिटून निजल्यासारख्या. आतून घुमणारा आवाज येत होता, त्याच्या मागं तो चालत गेला. वाट संपली तिथं एक म्हातारी उभी होती. तिचे पाय घोट्यापर्यंत दगडात गेलेले. दोन्ही हातांना दोराचे वेढे, आणि त्या दोराचं दुसरं टोक खडकात शिरलेलं. ती डोंगर धरून उभी होती. किती काळ, ते तिलाही सांगता आलं नाही. पण तिला झोप येत होती. तिची मान खाली गेली की खडक हलायचा आणि वरून माती झिरपायची. मान वर केली की थांबायचा. तिनं डोळे उघडून चिंधूकडे पाहिलं. त्याचं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं.

तिनं विचारलं, "तुला बहीन हाय का?"

ते ऐकलं आणि ती काय मागतेय ते चिंधूला कळलं. त्यानं दोराला तीन हिसके दिले. साळूनं दोर सोडून घरी जावं, इकडं येऊ नये, म्हणून दिले. तेवढ्यात म्हातारीची मान पार कलली आणि डोंगराचा भार त्याच्या कमरेच्या दोरावर आला. पण साळू आली. म्हातारीकडे तिनं एकदा पाहिलं आणि काही न विचारता तिच्या हातांवरचे वेढे आपल्या हातांवर घेतले. म्हातारीनं हात मोकळे केले, खाली बसली, आणि बसल्या जागी तिच्या माशा झाल्या नि उडून गेल्या, असं म्हणतात. कोणी म्हणतं तिची माती झाली. चिंधूला नीट दिसलं नाही, कारण तो रडत होता. मी तुला सोडून जात नाही, असं तो बहिणीला म्हणाला.

साळू म्हणाली, "हात मोकळं असतं, तर ढकलून दिलं असतं तुला. वर पोर जमिनीवर निजलंय. जा."

चिंधूच्या कमरेला दोर होताच. दोन हिसके देण्यापुरता तेवढा तिनं एक पंजा सोडवला, आणि तेवढ्यात वरचा खडक कडाडला. तिनं पंजा पुन्हा आत घातला. चिंधूनं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या पावलांना दगड चढायला लागला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. दोराकडे बघत होती, नेहमीसारखी.

त्याच आठवड्यात हस्ताचा पाऊस आला. आठ दिवस सूर्य दिसला नाही. उत्तरेकडची डोंगराची सोंड रानासकट खाली गेली, दक्षिणेकडची गेली. दोन्हीकडं नुसती लाल माती उघडी पडली, ती अजून दिसते. मधली उंबरदऱ्याची पट्टी हलली नाही. भेग होती तेवढीच राहिली. पाऊस थांबल्यावर झऱ्याला स्वच्छ पाणी आलं, आणि वरच्या कड्याला, कधी नाही ते, फुलं सरल्यावर पोळी धरली. गाव जगलं.

गोमानं नाईकपण सोडलं. त्याच्या तळहातावरची दोराची खूण मरेपर्यंत बुजली नाही, आणि मरताना त्यानं मुठी मिटल्या त्या कुणाला उघडता आल्या नाहीत, असं म्हणतात. चिंधू पुढं पुष्कळ जगला. तो पुन्हा कड्यावरून उतरला नाही, पण रोज दुपारी काठावर जाऊन बसायचा आणि घरच्या गोष्टी खाली सांगायचा. पोर चालायला लागलं, हौशीला मुलगी झाली, तिचं नाव काय ठेवलं. खालून कधी उत्तर आलं का, असं लोक विचारायचे. तो म्हणायचा, तिची बोलायची सवय कधी होती?

उंबरदऱ्यात आजही कुणी कुणाला 'सोड' म्हणत नाही. विहिरीवर, गोठ्यात, झोपाळ्यावर, 'दे' म्हणतात. नवी सून चुकून 'सोड' म्हणाली तर सासू रागावत नाही, पण हातातलं काम थांबवून कान देते.

आणि कारवी फुलते त्या वर्षी आश्विनात एक दिवस पाळतात. घरटी पुरुषभर लांब दोर येतो. नायलॉनचा चालत नाही, सालीचा वळावा लागतो, म्हणून अजून वळता येतो. बाया सगळे दोर एकाला एक बांधतात, अंजनाच्या जागी आता दुसरं झाड आहे त्याला वेढा देतात, आणि टोक पोटात सोडतात. मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाया आळीपाळीनं तो दोर धरतात. ताकद लावून धरतात, नावाला नाही. कारण त्या दिवशी डोंगर त्यांच्या हातात असतो आणि खाली साळूला तेवढी एक झोप मिळते, असं म्हणतात.

त्या दिवशी गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. गुरांच्या गळ्यातल्या घंटांत गवत कोंबतात. जातं फिरत नाही, गिरणी बंद असते. मागच्या फुलोऱ्याला घाटात एसटीवर एक नवा ड्रायव्हर होता. खालच्या वळणावर त्यानं हॉर्नला हात घातला, तर कंडक्टरनं मागून येऊन त्याचा हात धरला. काय झालं, असं त्यानं विचारलं.

कंडक्टर हळूच म्हणाला, "वर साळूबाई निजलीय."

ड्रायव्हरनं गाडी पहिल्या गिअरात घातली आणि सगळा घाट तशीच चढवली.